कानातल्या शिट्टीवरचं यंत्र येईल तेव्हा येईल

"डॉक्टर, ते मिशिगनचं मशीन कधी येणार?" कर्णनादाचे रुग्ण हल्ली खुर्चीत टेकायच्या आधीच हे विचारतात. कुणी मोबाईलवरची बातमी पुढे करतं. कुणाची लेक न्यू जर्सीला असते आणि सुट्टीला येताना ती यंत्र बॅगेत घालून आणेल, असं घरात ठरूनही गेलेलं असतं. यंत्र अजून बाजारात नाही. तिथल्या रुग्णांनाही ते विकत मिळत नाही. पण ज्यांची रात्रीची झोप त्या शिट्टीने पळवली आहे, त्यांची उत्सुकता मी समजू शकतो. म्हणून यंत्राबद्दल आधी नीट बोलू, आणि मग तोवर काय करायचं याबद्दल.

बाहेर काहीही वाजत नसताना कानात शिट्टी, रातकिड्यांची किरकिर, गुणगुण किंवा वाफेसारखा फस्स आवाज येणं म्हणजे कर्णनाद. तो कुणालाही येऊ शकतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी ऐकण्याची काहीच तक्रार नसलेल्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यातल्या ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. जगातल्या साधारण १४ टक्के प्रौढांना कर्णनाद जाणवतो आणि सुमारे दोन टक्क्यांना त्याचा तीव्र त्रास होतो, असा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याचा अंदाज आहे. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत आवाज असतो, पण त्याचा जाच नसतो.

आवाज येतो कुठून? वाटतो कानात, पण तो तयार होतो मेंदूत. वयामुळे किंवा गोंगाटामुळे आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि मेंदूकडे जाणारे संदेश कमी होतात. स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी होते, तसं काहीसं मेंदू करतो. मिशिगन विद्यापीठाच्या सुझन शोअर यांनी अनेक वर्षं मेंदूच्या बुंध्यातल्या एका छोट्या केंद्राचा अभ्यास केला. कानाकडून येणारी माहिती प्रथम जिथे पोचते, त्यातलंच हे एक ठिकाण. तिथे चेहरा, जबडा आणि मान यांच्याकडून येणारे संदेशही येऊन मिळतात. कानाकडची आवक घटली की तिथल्या पेशी कारण नसताना आणि एकमेकींच्या तालावर पेटू लागतात.

यंत्राची कल्पना इथूनच निघाली. रुग्णाच्या स्वतःच्या कर्णनादाशी जुळवलेला आवाज हेडफोनमधून द्यायचा आणि त्याच्याशी ठरावीक अंतर राखून गालावर किंवा मानेवर विजेचा अगदी सौम्य स्पंद द्यायचा. खरी मेख वेळेत आहे. आवाज आणि स्पंद यांच्यातलं काही सहस्रांश सेकंदांचं अंतर योग्य असेल तर त्या पेशी शांत होतात. क्रम उलटा झाला तर त्या अधिकच चेकाळू शकतात, हे गिनीपिगांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. युट्यूबवरचा आवाज लावून गालाला मसाजरची वायर चिकटवणाऱ्या उत्साही मंडळींनी एवढं लक्षात घ्यावं. (असे लोक आहेत. इंजिनिअर जास्त.)

२०२३ च्या जूनमध्ये या यंत्राची ९९ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. रोज अर्धा तास, घरीच, सहा आठवडे. निम्म्यांना आधी खरा उपचार आणि मधल्या खंडानंतर नुसता आवाज, उरलेल्यांना याच्या उलट. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. खऱ्या उपचारानंतर ६० टक्क्यांहून अधिक जणांचा त्रास लक्षणीय कमी झाला. कर्णनादाच्या क्षेत्रात इतक्या काटेकोर चाचण्या फार होत नाहीत, त्यामुळे मी हा निकाल गंभीरपणे घेतो. पण त्रास कमी झाला म्हणजे आवाज कायमचा बंद झाला असं नव्हे. शिवाय ९९ म्हणजे काही फार मोठी संख्या नाही, आणि माणसंही निवडून घेतलेली होती. त्यांची श्रवणशक्ती साधारण ठीक होती, फार तर मध्यम कमी. आणि जबडा, चेहरा किंवा मान हलवल्यावर त्यांचा कर्णनाद बदलत असे.

शोअर यांच्या मते सुमारे ७० टक्के रुग्णांचा कर्णनाद या प्रकारचा असतो. तुमचा आहे का? शांत खोलीत बसा. दात घट्ट आवळा, खालचा जबडा पुढे काढा, मान एका बाजूला वळवून हाताने हलका विरोध करा. शिट्टी मोठी झाली, बारीक झाली किंवा तिची पट्टी बदलली, तर ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. काहीच बदललं नाही, तर या यंत्रावर सगळी आशा लावून बसू नका.

याच जातीचं एक यंत्र बाजारात आलेलंही आहे. डब्लिनच्या न्यूरोमॉड कंपनीच्या ‘लेनायर’मध्ये कानात आवाज देतात आणि विजेचे स्पंद जिभेच्या टोकावर. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२३ मध्ये त्याला परवानगी दिली. त्यासाठी ११२ जणांची जी चाचणी झाली, तिचे आकडे मी रुग्णांना आवर्जून सांगतो. मध्यम किंवा त्याहून अधिक त्रास असणाऱ्यांपैकी ४३.२ टक्के लोकांना पहिल्या सहा आठवड्यांत नुसत्या आवाजानेच उपयोगी म्हणावा इतका फरक पडला. नंतरच्या सहा आठवड्यांत जिभेवरचे स्पंद जोडल्यावर हा आकडा ५८.६ टक्के झाला. म्हणजे यंत्राचा वाटा आहे, पण बराचसा आराम साध्या आवाजाने आणि कुणीतरी नियमित लक्ष देतंय यानेही मिळाला. त्या यंत्राची किंमत काही हजार डॉलर आहे. पंख्याची घरघर आपल्याकडे आधीपासून आहे.

ही यंत्रं प्रत्येक रुग्णासाठी जुळवून द्यावी लागतात, त्यामुळे लेकीने बॅगेतून आणून काम भागणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. काही रुग्ण यंत्राची वाट पाहत कान तपासायचेच थांबतात. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं आणि सोबत आवाज सुरू झाला, तर तो तातडीचा आजार आहे. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर ते पहिल्या काही दिवसांत, उशिरात उशिरा दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. लोक तोवर कोमट तेल घालत राहतात, दडा बसलाय म्हणून नाक दाबून कान फुगवत राहतात आणि वेळ हातची जाते. एकाच कानात सतत येणारा आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं यांपैकी काहीही असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. यामागे कधी रक्तवाहिनीची तक्रार निघते, कधी श्रवणाच्या नसेवरची गाठ.

असं काही नसेल तरी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणाची तपासणी, करून घ्याच. कधी नुसता मळ निघतो आणि माणूस हसत घरी जातो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने कर्णनादही अनेकांचा कमी होतो, कारण मेंदूला हवा असलेला खरा आवाज परत मिळतो. "मी काय म्हातारा झालोय का?" म्हणून ते नाकारणारे गृहस्थ परदेशी यंत्रासाठी मात्र लाखो रुपये मोजायला तयार असतात, याची मला गंमत वाटते. तुमच्या औषधांची यादीही दाखवा. जेंटामायसिन, अमिकासिन, सिस्प्लॅटिन, क्विनाइन, मोठ्या मात्रेतलं ॲस्पिरिन यांनी कानाला इजा होऊ शकते किंवा कानात आवाज सुरू होऊ शकतो. पण सुरू असलेलं औषध स्वतःहून बंद करू नका.

गोळ्यांचं काय? कानाच्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना गिंको, झिंक आणि मेलाटोनिन कर्णनादासाठी देऊ नका, असं सांगतात. चक्करवरची बीटाहिस्टीनही निव्वळ कर्णनादाला लागू पडते असं दिसलेलं नाही. तरीही त्या महिनोन्‌महिने लिहून दिल्या जातात, हे आम्हा डॉक्टरांचंच अपयश. ‘याच्यासोबत जगायला शिका’ असं सांगून रुग्णाला दाराबाहेर काढणं हे त्याहून मोठं. जगायला शिकवण्याची एक पद्धत खरोखरच आहे. तिचं नाव कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. ती आवाज बंद करत नाही, पण आवाजामागून येणारी धडधड, चिडचिड आणि ‘आता मी बहिरा होणार’ ही भीती कमी करते, आणि तिच्यामागे आज सर्वांत भक्कम पुरावा आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी वेड्यात काढलं, असं समजू नका. रात्र असह्य होत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीतही बोलता येतं.

झोपताना खोली अगदी निःशब्द ठेवू नका. पंखा किंवा मंद पावसाचा आवाज असू द्या, शिट्टी पूर्ण झाकली जाईल इतका मोठा नको. ढोलपथकात वाजवत असाल तर कानात इअरप्लग हवेतच, पोरं हसली तरी. पण गोंगाट नसतानाही दिवसभर कापसाचे बोळे घालून फिरू नका, त्याने आतला आवाज आणखी मोठा वाटतो.

ऑडिओमेट्रीचा कागद जपून ठेवा आणि दर वर्षी नवा काढा. ते यंत्र उद्या मंजूर होऊन इथे आलं, तर तुमच्या श्रवणाची पातळी, शिट्टीची पट्टी आणि जबडा हलवल्यावर ती बदलते की नाही, या तीन गोष्टी पहिल्याच भेटीत विचारल्या जातील.