‘बंद’ म्हणजे नेमके काय? : खाणीतील सूचनालेखनाचा एक पाठ

लांजी तहसील गोंदिया जिल्ह्याला लागून आहे. आपल्या बालाघाट जिल्ह्यात भरवेलीला मँगनीज आणि मलाजखंडला तांबे निघते; विदर्भात राजुरा-कोरपना भागात सिमेंटसाठी चुनखडी काढतात. आपल्या वर्गातील काही मुले उद्या अशा खाणींत काम करतील. तिथे निबंधापेक्षा सूचना नीट लिहिता-वाचता येणे अधिक मोलाचे असते. म्हणून हा पाठ.

चुनखडीच्या खाणीत सुरुंगाने फुटलेला दगड डंपर क्रशरच्या हॉपरमध्ये ओततो. एखादा धोंडा क्रशरच्या तोंडापेक्षा मोठा निघतो. कधी दोन-तीन धोंडे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि माल खाली सरकत नाही. अशा वेळी घण आणि पहार घेऊन माणूस आत उतरला, तर पायाखालची कमान केव्हाही ढासळू शकते. हे टाळण्यासाठी मोठ्या क्रशरच्या तोंडाशी पक्क्या पायावर रॉकब्रेकर बसवतात. तो जागा सोडत नाही. त्याचा लांब हात वळतो, वाकतो आणि टोकाच्या हातोड्याने धोंडा फोडतो. हात आणि हातोडा तेलाच्या दाबावर चालतात. चालक दूर, केबिनमध्ये बसतो.

त्याच्यासाठी सूचना अशा लिहाव्यात :

१. छन्नी दगडावर काटकोनात टेकवा. दाब द्या, मगच ठोका सुरू करा.
२. मोठा धोंडा कडेकडून फोडत आत या. थर किंवा भेग दिसली, तर तिथे छन्नी लावा.
३. भेग पडत नसेल, तर जागा बदला. एकाच जागी ठोकत राहिल्यास छन्नी तापते.
४. दगड फुटताच ठोका थांबवा. रिकाम्या ठोक्याने हातोडा खराब होतो.
५. छन्नी पहारीसारखी वापरून दगड उचकटू नका.

बहुतेक वाक्यांत एकच कृती किंवा एकच कारण आहे. कृती कामाच्या क्रमाने येतात. यंत्र नवे असले, तरी ठोका, छन्नी, पहार, उचकटणे हे शब्द पाथरवटाच्या कामातलेच आहेत. त्यांना अवघड पर्याय शोधू नयेत.

आता एक वाक्य पाहा : ‘क्रशर बंद असताना सफाई करावी.’ व्याकरणात चूक नाही, पण ‘बंद’चे अर्थ तरी किती! धोंडा अडकून क्रशर थांबला, तरी वीज चालूच असते. धोंडा सुटताच तो पुन्हा फिरू शकतो. बिघाडाने बंद पडला, तर तो अचानक सुरू होणारच नाही, याची खात्री नाही. बटण दाबून बंद केला, तर दुसरा कुणी तेच बटण पुन्हा दाबेल. वीज तोडून कुलूप लावले आणि किल्ली सफाई करणाऱ्याच्या खिशात असली, तरच त्या शब्दावर भरवसा ठेवता येतो. तेव्हाही वर लटकलेला दगड पडू शकतो.

म्हणून असे लिहावे : ‘अडकलेले दगड आधी रॉकब्रेकरने मोकळे करा. हात बाजूला ठेवून तेलाचा दाब उतरवा. क्रशरची आणि रॉकब्रेकरची वीज तोडा, कुलूप लावा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. वर दगड लटकत नाही हे पाहा. मगच सफाईला जा.’

स्वाध्याय : घरातील पंप, गिरणी किंवा मळणीयंत्रावर ‘बंद’ हा शब्द न वापरता पाच सूचना लिहा. त्या घरातील मोठ्यांना वाचून दाखवा. जिथे ते ‘म्हणजे काय?’ असे विचारतील, ते वाक्य पुन्हा लिहा.