आधी दवाखाना, मग चौकी

गेल्या महिन्यात एक बाई तिसऱ्यांदा ओपीडीत आल्या. तक्रार तीच: ओटीपोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, झोप लागत नाही. सोनोग्राफी नॉर्मल, लघवीचा रिपोर्ट नॉर्मल. आधीच्या दोन्ही वेळा प्रश्न मी त्यांना विचारत होते आणि उत्तरं शेजारी बसलेले यजमान देत होते. या वेळी यजमानांना केसपेपरवर शिक्का मारून आणायला धाडलं, पडदा ओढला आणि विचारलं, "घरी नको असताना जबरदस्ती होते का?" त्या पंख्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, हे पण डॉक्टरला सांगायचं असतं होय?"

सांगायचं असतं. आणि आम्ही विचारायचं असतं. पहिल्या दोन भेटींत मी अँटिबायोटिक लिहून मोकळी झाले होते, ही चूक माझी.

लैंगिक हिंसा म्हटलं की आपल्याला पोलीस आणि कोर्ट आठवतं, दवाखाना आठवत नाही. हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असा ठराव जागतिक आरोग्य परिषदेनं १९९६ सालीच केला. आपल्याकडच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली होती, तीही बहुतेकींनी माहेरी. बाकीच्या डोकेदुखी, अंगदुखी, निद्रानाश अशी नावं सांगत आमच्या रांगेत उभ्या असतात.

आता अत्याचार नुकताच घडला असेल तर काय करायचं ते सांगते. घड्याळाकडे बघा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती २८ दिवस न चुकता घ्यायची. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पहिल्या ७२ तासांत जास्त उपयोगी पडते. ती वेळ टळली तरी पाच दिवसांपर्यंत तांबी बसवता येते. हिपॅटायटिस बीची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, गुप्तरोगांवरची औषधं हेही त्याच भेटीत उरकतं.

शक्यतो अंघोळ न करता या. झाली असेल तरी या, उपचार काही वाया जात नाहीत. कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत आणा, प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो.

"आधी एफआयआर आणा" असं कुणी काउंटरवर म्हणालं तर ते साफ चूक आहे. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयानं उपचार ताबडतोब आणि मोफत द्यायचे, हा कायदा २०१३ पासून आहे. नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण तक्रार द्यायची नसेल तर तसं सांगता येतं, आणि ते कागदावर नोंदवून घ्यायचं असतं. पुराव्यासाठीच्या तपासणीला नकार दिला म्हणून औषधं अडवता येत नाहीत. दोन बोटांची ती किळसवाणी चाचणी करणं गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली बजावलं. आमच्या पिढीला ती पाठ्यपुस्तकातून शिकवली होती, याची आजही लाज वाटते.

अंगावर ओरखडा नाही म्हणून "मग ओरडली का नाही?" असं विचारणारे घरोघरी भेटतात. भीतीनं शरीर गोठतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. नंतर घटनाक्रम तुटक आठवतो, म्हणून ती खोटं बोलतेय असं होत नाही.

दिवस गेलेच, तर अशा स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. सज्ञान असेल तर सही फक्त तिची, नवऱ्याची नव्हे. अत्याचार झालेलं मूल १८ वर्षांखालचं असेल तर मात्र पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्या बाईंना मी समुपदेशकाकडे पाठवलं. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात नवऱ्याचा लैंगिक छळही येतो, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं. आमच्या ओपीडीत आता नातेवाइकांची खुर्ची पडद्याबाहेर ठेवली आहे. त्यावरून रोज कुणीतरी मावशींशी हुज्जत घालतंच.