रुंद चाकांचे गणित

पावसाळ्यात काळ्या जमिनीतून माल बाहेर काढणाऱ्या पुष्कळ शेतकरी बंधूंनी आपल्या पिकअप गाडीस मूळच्याहून रुंद चाके बसविण्यास आरंभ केला आहे. टायर रुंद असला म्हणजे भार अधिक जागेवर पसरतो व चाक कमी रुतते, हे खरे. परंतु वाढलेली रुंदी कोणत्या बाजूस किती गेली, हे बहुधा कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखकाच्या पुतण्यानेही ते पाहिले नाही. दुकानदार ‘बसतात’ म्हणाला, आणि रिकाम्या गाडीस चाके बसलीही. पुढे कांदा भरून निघाल्यावर शेताच्या तोंडाशी स्टिअरिंग पुरते वळविताच पुढचा टायर आतल्या बाजूस पाट्यास घासून फाटला. गाडी सावकाश चालली होती म्हणून इजा कोणास झाली नाही. टायर मात्र गेला व त्या दिवसाचा बाजार चुकला. पाच मिनिटांच्या मोजणीने हे टळले असते. ती मोजणी येथे सांगावयाची आहे.

लेखकाचा जन्म महसूल खात्याच्या दप्तरात गेला. म्हणून दृष्टांतही तेथलाच देतो. शेत रुंद झाले एवढे सांगून भागत नाही. ते कोणाच्या बांधात शिरले हे सांगावे लागते, व त्यासाठी हद्दीचा दगड धरून मोजावे लागते. चाकाचा हद्दीचा दगड म्हणजे रिमची हबवर टेकणारी सपाट बाजू. तिला आपण ‘बैठक’ म्हणू. बैठकीपासून रिमच्या आतील काठापर्यंतचे अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. रिमच्या रुंदीची मध्यरेषा व बैठक यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. बैठक मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असेल तर ऑफसेट धन, आतल्या अंगास असेल तर ऋण, व मध्यरेषेवरच असेल तर शून्य. पुष्कळ रिमांवर हा आकडा ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो.

मोजण्याची रीत अशी. चाक काढून दर्शनी बाजू खाली करून जमिनीवर ठेवावे. आतील काठावर सरळ पट्टी आडवी टाकून तेथून बैठकीपर्यंतची खोली मोजावी, हेच बॅकस्पेसिंग. टायर चढविलेला असल्यास पट्टी त्याच्या फुगीर कडेवर टेकते. अशा वेळी पट्टी व रिमचा काठ यांतील अंतर वजा करावे.

दुसरी सावधगिरी रुंदीविषयी. ६ इंची रिम म्हणजे टायरची कड जेथे बसते तेथील आतली रुंदी ६ इंच. दोन्ही काठ धरून एकूण रुंदी सुमारे १ इंच अधिक, म्हणजे ७ इंच किंवा १७७.८ मि.मी. भरते.

आता उदाहरण घेऊ. जुनी रिम ६ इंची, ऑफसेट धन ३०. एकूण रुंदीचा अर्धा भाग ८८.९, त्यात ३० मिळविता बॅकस्पेसिंग ११८.९ मि.मी. आले. बाहेरच्या अंगास उरले ५८.९.

नवी रिम ८ इंची, ऑफसेट तोच. एकूण ९ इंच, म्हणजे २२८.६, अर्धे ११४.३, बॅकस्पेसिंग १४४.३. म्हणजे काठ २५.४ मि.मी. आत शिरला व तितकाच बाहेर गेला. पुतण्याची चूक हीच होती.

आतली जागा पूर्वीइतकीच राखावयाची तर बॅकस्पेसिंग ११८.९ च हवे. त्यातून ११४.३ वजा करता ऑफसेट धन ४.६ येतो. मग वाढलेले ५०.८ मि.मी. सर्वच्या सर्व बाहेर जातात. येथेही सुख नाही. चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगवर ताण अधिक, स्टिअरिंग जड, आणि टायर मडगार्डाबाहेर येऊन चिखल उडवितो. सारांश, रुंदी फुकट मिळत नाही. ती आत द्यावी किंवा बाहेर, एवढेच आपल्या हाती असते.

शिवाय हा हिशेब रिमचा झाला. टायरची कड रिमच्याही बाहेर फुगते, व टायर स्वतःच रुंद घेतला तर दोन्ही अंगांस आणखी जागा खातो. म्हणून खरेदीपूर्वी जुन्या टायरपासून पाटा, ब्रेकची नळी व मडगार्ड यांपर्यंतची मोकळी जागा मोजून कागदावर लिहावी. चाके बसविल्यावर गाडी भरून, एक चाक उंचवट्यावर चढवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पुरते फिरवून पाहावे. रिकाम्या गाडीची परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

शेवटी कागदाची गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. यास्तव निर्मात्याने आपल्या गाडीस कोणते माप मान्य केले आहे ते आधी पाहावे, शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारावे, आणि मगच पैसे मोजावेत. दुकानदाराच्या शब्दापेक्षा आपली मोजपट्टी अधिक विश्वासाची.