चहाचे भर्जन : एक घरगुती प्रयोग

भाजण्याची क्रिया आपल्या स्वयंपाकघरात नित्य घडत असते. रवा, थालीपिठाची भाजणी, शेंगदाणे, काजूबिया या सर्वांस रुची येते ती अग्नीच्या संस्काराने. परंतु चहाची पानेही अशीच भाजली जातात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. चीनमधील फुजियान प्रांतात व तैवानात ही एक जुनी विद्या आहे. तिचा परिचय व्हावा म्हणून आम्ही घरी जो प्रयोग केला, त्याची हकीकत विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ऊलाँग चहा म्हणजे काय ते पाहू. हिरवा, काळा व ऊलाँग हे तिन्ही चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात. भेद आहे तो संस्कारांचा. पान चुरडले म्हणजे त्यातील रसाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते तांबूस होऊ लागते. चिरलेले वांगे काळे पडते, तोच हा प्रकार. हिरव्या चहात ही क्रिया आरंभीच उष्णतेने थांबवितात. काळ्या चहात ती जवळजवळ पूर्ण होऊ देतात. ऊलाँगमध्ये ती मध्येच रोखतात. पुढे पाने वळून सुकवितात आणि काही जातींची पाने अखेरीस भाजतात. वूयी पर्वतातील कारागीर याकरिता लोणारी कोळसा पेटवून त्यावर राखेचा थर पसरतात, म्हणजे आच मंद व सारखी राहते. वर चाळणी बसविलेली बांबूची टोपली ठेवून तीत पाने कित्येक तास भाजतात.

या भर्जनाचे प्रयोजन दुहेरी आहे. एक तर पानांतील उरलासुरला ओलावा जाऊन चहा अधिक काळ टिकतो. दुसरे, उष्णतेने पानांतील शर्करा व अमिनो आम्ले यांचा संयोग होऊन नवे सुगंधी पदार्थ जन्मास येतात. या क्रियेचे वर्णन मायार नामक फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. पावाच्या तांबूस कवचास व भाजलेल्या शेंगदाण्यास जो खमंगपणा येतो, तोही मुख्यतः याच क्रियेमुळे.

आता प्रयोग. आम्ही न भाजलेला ५० ग्रॅम तैवानी ऊलाँग घेऊन त्याचे १० ग्रॅमचे पाच भाग केले. पहिला भाग तसाच राखून ठेवला; कारण तुलनेस मूळ वस्तूच उरली नाही, तर बदल झाला की नाही हे सांगणार कोण? पुढील तीन भाग विजेच्या भट्टीत प्रत्येकी ३० मिनिटे, अनुक्रमे ९०, १२० व १५० अंश सेल्सिअसवर भाजले. पाचवा भाग १२० अंशांवरच, परंतु ६० मिनिटे ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा यातील मुख्य नियम होय. चहा परका वास चटकन शोषून घेतो; म्हणून आदल्या दिवशी मासळी भाजलेली भट्टी या कामी चालत नाही. भाजलेली पाने निववून, हवाबंद डब्यांत आठ दिवस मुरू दिली. त्यानंतर ३ ग्रॅम पाने, १५० मिलिलिटर उकळते पाणी व ५ मिनिटे, असे समान प्रमाण ठेवून पाचही चहा केले. पेल्यांस केवळ क्रमांक दिले; कोणता पेला कोणत्या भागाचा, हे चाखणाऱ्यांपासून गुप्त ठेविले.

न भाजलेल्या चहाचा रंग पिवळसर व वास फुलांचा होता. ९० अंशांचा चहा त्याहून फारसा निराळा नव्हता. त्याचा हिरवट उग्रपणा तेवढा कमी झाला होता. १२० अंशांवर ३० मिनिटांत रंग सोनेरी होऊन भाजलेल्या डाळ्यांचा वास आला. ६० मिनिटांत रंग तांबूस व चव गुळमट झाली, पण फुलांचा वास लोपला. १५० अंशांच्या चहास मात्र कोळशाची चव आली आणि त्याची पाने उकळत्या पाण्यातही नीट उलगडली नाहीत.

सर्वोत्तम कोणता, याविषयी घरातील मंडळींत एकमत झाले नाही. कोणास अर्ध्या तासाचा आवडला, कोणास तासाभराचा. १५० अंशांचा पेला मात्र सर्वांनी बाजूस सारला. भर्जनाने काय बदलते हे प्रयोग सांगतो. त्यातील काय रुचावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. परंतु मर्यादा सर्वांस सारखीच आहे. आपल्या भाषेने ती फार पूर्वीच ओळखून 'खरपूस' व 'करपट' असे दोन शब्द केले आहेत. कमी भाजलेले पान पुन्हा भाजता येते. करपलेले पूर्ववत करता येत नाही. यास्तव आच मंद असावी, दर पाच मिनिटांनी वास घ्यावा आणि थोडा चहा नेहमी राखून ठेवावा.

पावसाळ्यात सादळलेला ऊलाँगही ९० अंशांच्या सौम्य उष्णतेने पुष्कळसा सुधारतो. विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करून पाहावा. मात्र भट्टी पेटविण्यापूर्वी वही उघडून तीत तापमान, वेळ व वास यांचे तीन रकाने आखून घ्यावेत.