फोटोसोबत चार शब्द धाड

बाळा, सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकायचं काम आता तुझ्याकडे आलंय म्हणून सांगते. तुझ्या दादाच्या मुंजीची पत्रिका मी नुसता फोटो म्हणून सगळ्यांना पाठवली होती. माझ्या अंध मामांच्या फोनने त्यांना एवढंच वाचून दाखवलं, 'फोटो'. मुहूर्त त्यांना शेजाऱ्यांकडून कळला. बोलावणं धाडलं अन् वाट पुसली, असं झालं ते, अजून टोचतं.

१. पत्रिका असो की पाणी बंदची सूचना, फोटोखाली तोच मजकूर टाइप कर – टॉकबॅक, व्हॉइसओव्हर, एनव्हीडीए ही पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं टाइप केलेलं नीट वाचतात, चित्रातल्या अक्षरांचा भरवसा नसतो.

२. टाइप युनिकोडमध्येच कर – जुन्या फॉन्टमधलं मराठी डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत दुसऱ्याच अक्षरांचे संकेत असतात, आणि फोन तेच बडबडतो.

३. ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे न दिसणाऱ्यासाठी चित्राचं वर्णन लिहायची, चौकट दिसली की 'सुंदर फोटो' लिहून मोकळी होऊ नकोस, 'आजी ओसरीवर बसून मोदकाला कळ्या पाडतेय' असं लिही – झाकल्या ताटाची चव सांगणाऱ्याच्या जिभेवर असते. फेसबुक २०१६ पासून आपोआप वर्णन करतं खरं, पण ही आपली आजी हे त्याला कुठून ठाऊक?

४. फोटो तोच असला तरी कामाप्रमाणे शब्द बदल. वाढदिवसाला आजीचं हसू सांग, पाककृतीत पारी किती पातळ नि कळ्या किती ते सांग – ऐकणारा तिथे शिकायला आलेला असतो.

५. संकेतस्थळावरच्या शोभेच्या वेलबुट्टीचा ऑल्ट रिकामा ठेव, पण गाळू नकोस – गाळलास तर कधीकधी फाइलचं नाव, आकड्यांसकट, कानावर येतं.

६. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोत, अक्षरं नि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट निदान ४.५:१ ठेव – मोतीबिंदूवाल्यांना त्यात कोरा कागदच दिसतो.

७. 'हिरवे आले, लाल बाकी' एवढ्यावर तक्ता सोडू नकोस, शब्दही लिही – हे दोन रंग काहींना सारखेच दिसतात.

८. सेकंदाला ३ पेक्षा जास्त वेळा लखलखणारं चित्र मुळीच टाकू नकोस – कुणाला अपस्माराचा झटका येऊ शकतो.

९. पाठवण्याआधी टॉकबॅक लाव, डोळे मीट आणि आपलीच सूचना ऐक. बंद कसं करायचं ते मात्र आधी बघून ठेव हं – चालू असताना एका टिचकीने काही उघडत नाही, दोनदा मारावी लागते.