परीक्षेतील नक्कल आणि विद्यार्थ्याचे मन : एक अभ्यास

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रातील लक्षावधी मुले-मुली दहावी-बारावीच्या परीक्षेस बसतात. त्याच सुमारास वृत्तपत्रांतून भरारी पथके, बैठी पथके, केंद्राभोवतालची बंद ठेवलेली झेरॉक्सची दुकाने आणि पोलीस बंदोबस्त यांच्या बातम्या येऊ लागतात. ‘कॉपी कशी रोखावी’ या प्रश्नाची चर्चा होते. परंतु कॉपी करणाऱ्या, करू देणाऱ्या आणि ती मुकाट्याने पाहणाऱ्या मुलांना त्याविषयी मनातून काय वाटते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर हाच प्रश्न मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

बंदोबस्ताचे सामर्थ्य आणि मर्यादा

परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८२ मध्येच स्वतंत्र कायदा केला. पुढे नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी २०१० च्या सुमारास राबविलेले कॉपीमुक्तीचे अभियान ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखले गेले. अभियानाच्या आरंभी जिल्ह्याचा निकाल घसरला. त्या घसरणीने एक कटू सत्य उघडे केले : आधीच्या निकालांतील काही यश विद्यार्थ्यांचे नव्हतेच. २०२३ पासून राज्य मंडळाने प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची सवलत बंद केली आणि ती दहा मिनिटे वेळेच्या अखेरीस वाढवून दिली. आधी हाती आलेली प्रश्नपत्रिका भ्रमणध्वनीवरून बाहेर जाते, हे त्याचे कारण होते. केंद्र शासनाचा २०२४ चा कायदा प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या टोळ्यांना जबर शिक्षा सांगतो. पण तो राष्ट्रीय पातळीवरील भरती व प्रवेश परीक्षांपुरता आहे, आणि त्याचा रोख परीक्षार्थीवर नाही.

हे सारे आवश्यक आहे. परंतु बंदोबस्त हाताला धरतो, मनाला नव्हे. अमेरिकेतील हार्टशोर्न आणि मे या दोन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची पारख करून १९२८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘अप्रामाणिक’ अशी सरळ दोन गटांत वाटणी करता येत नाही, हा त्यांतील महत्त्वाचा निष्कर्ष होता. एका प्रसंगी लबाडी करणारे मूल दुसऱ्या प्रसंगी सचोटीने वागते. म्हणजे कॉपी करणारा मुलगा जन्मजात लबाड असतो, हे समजणे चूक आहे. आणि आपला मुलगा कधीच तसे करणार नाही, हे गृहीत धरणेही तितकेच चूक आहे. परिस्थिती, सोबती आणि मनाने शोधलेली सबब या तिन्हींच्या संगमावर नक्कल घडते.

पाच सबबी

ग्रेशम साईक्स आणि डेव्हिड मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारीचा विचार करताना एक सूत्र मांडले. चूक करणाऱ्या मुलाला चूक काय ते ठाऊक असते. फक्त टोचणी लागू नये म्हणून तो आधी स्वतःची समजूत घालतो. अशा समजुतींचे त्यांनी पाच प्रकार सांगितले. पुढील अभ्यासकांनी तेच सूत्र परीक्षेतील नकलेला लावून पाहिले. आपल्या शाळा-वसतिगृहांतून ऐकू येणारी वाक्ये त्या पाच प्रकारांत कशी चपखल बसतात, ते पाहू.

पहिली सबब जबाबदारी झटकण्याची : “वर्षभर या विषयाला सरच नव्हते, मग आम्ही करणार काय?” यात तक्रार खरी असू शकते. शिक्षकांची पदे रिक्त राहतात, आणि त्याचा जाब समाजाने विचारलाच पाहिजे. परंतु चिठ्ठीने तो जाब विचारला जात नाही, उलट मिटतो. शिकवण न होताही निकाल चांगला लागला, तर रिकाम्या पदाची आठवण कोणाला राहील?

दुसरी सबब हानी नाकारण्याची : “दोन गुणांच्या प्रश्नाने कोणाचे काय बिघडते?” ज्या मुलाने रात्र जागून तेच दोन गुण मिळविले, त्याच्या श्रमाचे मोल यात निम्मे होते.

तिसरी सबब बळी नाकारण्याची : “शेजाऱ्याने स्वतःच पेपर दाखवला, आम्ही चोरला नाही.” हे मत सर्वांत चिवट आहे, कारण घेणारा आणि देणारा दोघेही राजी असतात. परंतु गुण शेजाऱ्याच्या मालकीचे नसतात. ते परीक्षकाने द्यायचे असतात. न दिलेले घेऊ नये, हा पंचशीलातील दुसरा नियम आपल्या वसतिगृहातील मूल लहानपणापासून म्हणत आले आहे. त्या नियमाची कसोटी दुसऱ्याच्या पेटीपाशी लागते, तशीच शेजारच्या बाकापाशीही लागते. आसनक्रमांक लिहून दिलेली उत्तरपत्रिका म्हणजे ‘यातील अक्षर आणि ज्ञान माझे आहे’ असे विधानच असते. ते खोटे असेल तर चौथ्या शीलाचाही भंग होतो.

चौथी सबब दोष देणाऱ्यालाच दोष देण्याची : “मोठी माणसे पैसे भरून नोकऱ्या मिळवतात, आम्हालाच उपदेश का?” या सबबीकडे आपण पुढे वळू, कारण तिचे उत्तर मुलांनी नव्हे, मोठ्यांनी द्यायचे आहे.

पाचवी सबब मोठ्या निष्ठेची : “मित्राला अडचणीत कसे सोडू?” एकाच खोलीत राहणाऱ्या, एकाच ताटात जेवणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही सबब लबाडीची नसून मायेची असते. म्हणूनच ती धमकावून मोडता येत नाही; तिला योग्य दिशा द्यावी लागते.

उपनगरातील निराळे रूप

ग्रामीण भागातील नकलेची छायाचित्रे आपण पाहिलेली असतात : खिडकीशी लोंबकळणारे नातलग, भिंतीवर चढलेले तरुण. ते पाहून मुलुंडसारख्या उपनगरातील पालकाला वाटते की, हा प्रश्न आपला नाही. परंतु येथे हेतू बदलतो, वृत्ती बदलत नाही. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. म्हणजे केवळ उत्तीर्ण होणे ही बहुतेक मुलांची चिंता उरलेली नाही. मुंबई परिसरात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन गुणवत्ता यादीने होतो आणि एक-दोन टक्क्यांनी घराजवळचे महाविद्यालय हातचे जाते. मग रोज ठाण्याकडे किंवा दादरकडे लोकलच्या गर्दीतून जावे लागते. म्हणून तिकडे काठावरचा मुलगा पस्तीस टक्क्यांसाठी कॉपी करतो, तर इकडे ऐंशी टक्क्यांचा मुलगा पंचाऐंशीसाठी बाजूला डोकावतो. पहिल्याला आपण ‘कॉपीबहाद्दर’ म्हणतो, दुसऱ्याला ‘हुशार’. नाव निराळे असले, तरी कृती एकच आहे.

मोठ्यांचा वाटा

मुलाची पहिली नक्कल बोर्डाच्या परीक्षेत होत नाही. ती होते पाचवी-सहावीच्या प्रकल्पात. स्टेशनाजवळच्या दुकानातून तयार प्रकल्प आणला जातो, नाहीतर आई रात्री बसून तो करून देते आणि मुलाच्या नावाने तो शाळेत जातो. नववी-दहावीत प्रयोगवही मागील वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते; प्रयोग न करताच निरीक्षणे लिहिली जातात. शाळाही निकालासाठी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सढळ हाताने देतात. या वाटेने दहा वर्षे चाललेल्या मुलाला एका मार्चच्या सकाळी आपण सांगतो की, नक्कल पाप आहे. त्याला ते पटावे कसे?

याहून गंभीर उदाहरण आपल्याच राज्यात घडले. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर, २०२२ मध्ये सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. जे वर्गात पर्यवेक्षक म्हणून उभे राहणार होते, त्यांच्यातीलच काहींनी पैसे मोजून पात्रता मिळविली होती. चौथी सबब येथे जन्म घेते. अमेरिकी संशोधक डोनाल्ड मॅकेब यांनी अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या पाहण्या करून दाखविले की, ‘इतर सर्व हेच करतात’ ही समजूत नकलेला सर्वाधिक बळ देते. शिक्षेची भीती त्यामानाने दुबळी ठरते. मूल आजूबाजूला पाहून आपली नीती ठरवते. आपण त्याला काय दाखवतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

२८२ गुणांचा सत्कार

या ठिकाणी आपल्या सर्वांना ठाऊक असलेली एक घटना पुन्हा नीट पाहण्यासारखी आहे. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे आजच्या हिशेबाने ३८ टक्क्यांहूनही थोडे कमी. परळच्या चाळीतील एका खोलीत, दाटीवाटीत, पहाटे उठून केलेल्या अभ्यासाचे ते फळ होते. संस्कृत शिकण्याची वाट त्यांना बंद होती, म्हणून पर्शियन घ्यावी लागली होती. त्या २८२ गुणांचा सत्कार समाजाने सभा भरवून केला. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

आज तेवढेच गुण घेऊन एखादे मूल घरी आले, तर किती घरांत सत्कार होईल? मात्र त्या गुणांतील प्रत्येक गुण अस्सल होता, आणि म्हणूनच त्याच्या पायावर पुढील इमारत उभी राहिली. मॅट्रिकनंतर पंधरा वर्षांनी त्यांनी लंडन विद्यापीठाला डी.एस्सी.साठी प्रबंध सादर केला, तेव्हा तो पुनर्लेखनासाठी परत आला. त्यांनी मुंबईत बसून तो पुन्हा लिहिला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि १९२३ मध्ये पदवी मिळविली. ज्याला आपले उत्तर स्वतःचे आहे हे ठाऊक असते, त्यालाच ते पुन्हा लिहिता येते आणि त्यावर ठाम राहता येते. चिठ्ठीवरून उतरवलेल्या उत्तराचे रक्षण कोणालाही करता येत नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. ज्या घरात जमीन नाही, दुकान नाही, ओळखीपाळखी नाहीत, त्या घराचे एकमेव भांडवल म्हणजे मुलाची गुणपत्रिका. आपली मुले मुलाखतीला जातात, तेव्हा त्यांच्या गुणवत्तेविषयी शंका घेणारे डोळे आजही समोर असतात. एका केंद्रावर सामूहिक कॉपी झाली की, त्या केंद्रावरील प्रत्येक मुलाच्या गुणपत्रिकेवर संशयाची छाया पडते. आणि तिचा सर्वाधिक भार पेलावा लागतो तो जिने एक अक्षरही पाहून लिहिले नाही अशा मुलीला. नकलेचा खरा बळी तीच असते. ‘कोणाचे काय बिघडते’ या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे आहे.

मदतीची योग्य जागा

पाचव्या सबबीतील मैत्रीला दिशा द्यावी लागते, असे वर म्हटले. निवासी शाळेला ही संधी इतर शाळांहून अधिक आहे. मित्राला मदत करणे हा गुण आहे. केवळ त्याची वेळ चुकते. परीक्षेच्या दालनात दिलेले उत्तर मित्राला तीन तास तारते. अभ्यासिकेत समजावलेले गणित त्याला जन्मभर पुरते. म्हणून काही गोष्टी करण्यासारख्या आहेत.

रात्रीच्या अभ्यासाच्या तासाला चांगल्या आणि कच्च्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावाव्यात आणि समजावून सांगणाऱ्याचे कौतुक गुणवंताइतकेच जाहीरपणे करावे. वर्षातून दोन-तीन चाचण्या पर्यवेक्षकाविना घ्याव्यात, मुलांनी स्वतः शब्द देऊन त्या द्याव्यात आणि त्यांतील कमी गुणांबद्दल शिक्षा नसावी. प्रकल्प घरी न पाठवता शाळेतच करून घ्यावेत. ते ओबडधोबड झाले तरी चालतील. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन गणित आणि इंग्रजीचे तास घ्यावेत, कारण मूल घाबरते ते प्रायः या दोन विषयांना, आणि चिठ्ठीचा जन्म भीतीतून होतो. पालकांनी निकालाच्या दिवशी ‘किती मिळाले’ याआधी ‘काय येऊ लागले’ हे विचारावे.

चिंतनासाठी प्रश्न

पालकसभेत आणि वसतिगृहाच्या गटचर्चेत पुढील प्रश्न घ्यावेत :

१. पाच सबबींपैकी आपल्या तोंडी सर्वाधिक येणारी कोणती? ती ऐकणाऱ्या प्रामाणिक मुलाला काय वाटत असेल?

२. शिक्षक नसलेल्या विषयाबाबत दाद कोठे आणि कशी मागावी?

३. मित्राने पेपर दाखवण्यास सांगितले, तर मैत्री न मोडता नकार कसा द्यावा?

४. आपल्या घरी मुलाच्या नावावर गेलेले परंतु मोठ्यांनी केलेले काम कोणते?

हे प्रश्न अवघड आहेत, आणि त्यांची उत्तरे शेजारच्या बाकावरून घेता येणार नाहीत. ज्या दिवशी आपल्या विद्यालयातील मूल आपले ५८ टक्के ताठ मानेने सांगेल आणि घरचे त्याला पेढा भरवतील, त्या दिवशी भरारी पथकाला आपल्या दारी येण्याचे कारण उरणार नाही.