अंपायर नसलेला खेळ आणि तुमचं अडकलेलं बिल



पुण्यात एखाद्या सोसायटीचा किंवा कॉलनीचा महोत्सव म्हटलं की खाण्याचे स्टॉल आले, गाणी आली, खेळ आले. अशा ठिकाणी शेजारच्या मैदानावर अल्टिमेट फ्रिस्बीचे हौशी सामने चालू दिसले, तर भेळ हातात घेऊन दहा मिनिटं तिथे थांबाच. आपल्या कामाचा एक धडा तिथे फुकट मिळतो.

खेळ सोपा आहे. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू आणि 175 ग्रॅमची एक चकती. चकती हातात आली की पळायचं नाही, 10 सेकंदांत दुसऱ्याकडे फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या खेळाडूने झेलली की एक गुण. आता खरी गंमत बघा: या खेळात अंपायरच नसतो! फाउल झाला असं वाटलं तर खेळाडूच ओरडून सांगतो. त्यात ‘हॅट’ पद्धतीची स्पर्धा असेल तर प्रत्येक जण एकटा नाव नोंदवतो आणि संघ आयोजक पाडतात. म्हणजे सकाळपर्यंत अनोळखी असलेली माणसं दुपारी एका संघात. तरी मारामारी होत नाही. का?

1. नियम आधी, खेळ नंतर

अंपायर नाही म्हणून नियम प्रत्येकाला माहीत असावे लागतात. हे पुणेकरांना नवीन नाही. विसर्जन मिरवणुकीत मानाच्या गणपतींचा क्रम ठरलेला आहे: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. त्यामुळे पुढे कोण, यावर दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून वाद घालावा लागत नाही.

2. वाद मिटला नाही तर मागे जा

एकाने फाउल सांगितला, दुसऱ्याला तो मान्य नाही. दोघं थोडक्यात आपापली बाजू मांडतात. तरीही पटलं नाही, तर ज्या फेकीपर्यंत वाद नव्हता, त्या खेळाडूकडे चकती परत जाते आणि खेळ पुढे सुरू होतो.

आता हे धंद्यात लावू. समजा, तुमचं केटरिंग आहे. एका मंडळाने 120 रुपये दराने 200 ताटांची ऑर्डर दिली. तुमच्या मोजणीप्रमाणे 230 ताटं गेली. मंडळ म्हणतं, 200च. भांडण 3,600 रुपयांचं, पण अडकतात पूर्ण 27,600! शिवाय पुढच्या वर्षीची ऑर्डर गेली ती वेगळीच. अशा वेळी फोनवर आवाज चढवू नका. सरळ म्हणा, “काका, 200 ताटांबद्दल तर आपलं दुमत नाही ना? मग त्याचे 24,000 आज करून टाका. वरच्या 30 ताटांचं आपण शनिवारी बसून बघू.” वाद नसलेले पैसे आधी मोकळे करा. निम्मा ताण तिथेच उतरतो.

कायद्याचा अंपायर आपल्याकडे आहे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे देण्यासाठी करारात 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. मोठी रक्कम असेल तर त्याचा आधार जरूर घ्या. पण गल्लीतल्या 3,600 रुपयांसाठी कोण तिथपर्यंत जातो?

3. सामना संपल्यावर गुण द्या

सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांच्या वागण्याला गुण देतात. पाच मुद्दे: नियमांचं ज्ञान, अंगाला अंग लागणं, न्यायबुद्धी, स्वतःवरचा ताबा आणि संवाद. प्रत्येकी 0 ते 4. चांगल्या, नेहमीच्या खेळाला 2. म्हणजे बेरीज 10 आली तरी ती शाबासकीच! आपण ग्राहकाला फक्त “कसं वाटलं?” विचारतो आणि तो “छान” म्हणून निघून जातो. मुद्दे वेगळे करून विचारलं की खरं उत्तर मिळतं.

या आठवड्याचा गृहपाठ

• पुढच्या कोटेशनमध्ये एक ओळ वाढवा: ‘जादा काम झाल्यास मोजणी कोण करेल आणि दर काय असेल.’

• अडकलेलं एक बिल काढा. त्याचे दोन भाग करा: मान्य रक्कम आणि वादाची रक्कम. मान्य रकमेसाठी आजच फोन करा.

• एका जुन्या ग्राहकाला वेळ, दर्जा, हिशोब आणि बोलणं या चार मुद्द्यांवर गुण मागा.

फोन केल्यावर किती रक्कम मोकळी झाली, ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या भागात त्याच वहीवरून उधारीचा तक्ता बनवायला शिकू.